शून्य टक्के व्याजावर कार्डाची थकबाकी फिटते का? नागोठण्यातून समजून घेऊया ‘बॅलन्स ट्रान्सफर’चा हिशोब

‘दुसऱ्या बँकेच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी आमच्या कार्डावर आणा आणि ६० दिवस शून्य टक्के व्याजाचा लाभ घ्या.’ अशा अर्थाचा मेसेज हल्ली कुणाच्याही फोनवर येतो. ज्याच्या डोक्यावर कार्डाचं बिल चढलेलं असतं, त्याला तो वाचून पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटतं. मग शंका येते. बँक फुकट कशाला देईल?

शंका बरोबर आहे, पण मेसेजही खोटा नसतो. या सोयीला ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात. एका कार्डावरचं देणं दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवायचं आणि काही काळ कमी व्याजात किंवा बिनव्याजी फेडायचं. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं कुणी म्हणेल. पण काही वेळा टोपी फिरवल्याने खरोखर हजारो रुपये वाचतात आणि काही वेळा एकाच्या दोन टोप्या होतात. फरक कशाने पडतो, हे नागोठण्यासारख्या गावातून बघितलं तर जास्त नीट कळतं.

नागोठणे का?

रोहा तालुक्यातलं हे आंबा नदीकाठचं, मुंबई-गोवा महामार्गावरचं बाजारपेठेचं गाव. जवळच पूर्वीच्या आयपीसीएलचा, आता रिलायन्सचा पेट्रोकेमिकल प्रकल्प. आमडोशीला सुप्रीम पेट्रोकेम, सुकेळीला महाराष्ट्र सीमलेस, पुढे रोह्याला धाटावची एमआयडीसी. म्हणजे गाव ग्रामपंचायतीचं, पण पगार बँकेत जमा होणारी माणसं भरपूर. जिथे पगाराचं खातं, तिथे कार्ड विकणारे पोहोचतातच.

त्यात २०२२ साली रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची परवानगी मिळाली. त्याआधी कार्ड चालायचं ते मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, ऑनलाइन खरेदीत. आता किराणा दुकानातल्या क्यूआर कोडवरही उधारी चालते आणि ती उधारी आहे हे हाताला जाणवतही नाही. वहीवर लिहिताना वाणी निदान तोंडाकडे तरी बघायचा. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला.

या पट्ट्यातल्या कमाईला एक लय आहे. अनेकांचं काम कंत्राटी. प्लांटचं शटडाउन असलं की महिनाभर ओव्हरटाइम, ते संपलं की ठेकेदाराच्या फोनची वाट. दुकानदाराचा धंदा गणपतीत, शिमग्यात आणि लग्नसराईत. पावसाळ्यात आंबेचं पाणी बाजारपेठेत शिरलं की माल भिजतो तो वेगळाच. पैसा येतो, पण एकदम येतो आणि मध्ये कोरडा काळ जातो. बॅलन्स ट्रान्सफर हे नेमकं अशा मधल्या कोरड्या काळासाठी वापरायचं साधन आहे. म्हणून ते कामाचंही आहे आणि म्हणूनच धोक्याचंही.

८० हजारांची गोष्ट

समजा, नागोठण्यातल्या एका कंत्राटी फिटरवर कार्डाचे ८०,००० रुपये थकले आहेत. आईचं ऑपरेशन, मुलाची फी आणि एक फ्रिज. उदाहरण काल्पनिक आहे, दर मात्र बाजारात चालणाऱ्या दरांच्या जवळचे आहेत.

बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, काहींवर पावणेचारपर्यंत. वर्षाला ४२ ते ४५ टक्के. साडेतीन टक्के धरले तर ८०,००० वर एका महिन्याचं व्याज २,८०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०४. हा जीएसटी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गृहकर्ज किंवा वैयक्तिक कर्ज यांच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. म्हणजे महिन्याला ३,३०४ रुपये नुसते थकबाकी जिवंत ठेवण्याचे.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. ती थकबाकीच्या ५ टक्के आणि वर कर अशी धरली तर ४,५०४ रुपये होते. फिटर ती इमानेइतबारे भरतो. बँकेचा फोन येत नाही, दंड लागत नाही, सगळं सुरळीत वाटतं. पण भरलेल्या ४,५०४ पैकी मुद्दलात गेले फक्त १,२००. या वेगाने कर्ज फिटायला वर्षानुवर्षं लागतात. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार हा इशारा बिलावर ठळक छापावा लागतो. तो छापलेला असतोही, फक्त बिलाची पीडीएफ उघडतं कोण?

एवढं व्याज घ्यायला कुणी अडवत नाही का? अडवलं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. त्यामुळे कार्डाच्या व्याजाला सध्या कायद्याने ठरलेली अशी टक्केवारीची कमाल मर्यादा नाही.

शून्याची किंमत किती?

आता मेसेजमधली ऑफर. ६० दिवस व्याज शून्य, पण प्रक्रिया शुल्क २ टक्के. ८०,००० वर १,६०० रुपये आणि त्यावर जीएसटी २८८. एकूण १,८८८ रुपये, बहुतेकदा पहिल्याच बिलात.

जुन्याच कार्डावर ही रक्कम दोन महिने पडून राहिली असती तर व्याज आणि कर मिळून ६,६०० रुपयांच्या वर गेले असते. म्हणजे साधारण ४,७०० रुपये वाचले. ऑफर खरी आहे.

पण हे शून्य नाही. दोन महिन्यांसाठी २.३६ टक्के म्हणजे वर्षाच्या हिशोबात सुमारे चौदा टक्के. साधं वैयक्तिक कर्ज याच्याच आसपास मिळतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते, कार्डाच्या थकबाकीवरच्या अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलं जातं. कार्डविषयक निर्देशांतही व्याज असलेल्या हप्त्यांना ‘नो कॉस्ट’ म्हणून खपवायला मनाई आहे.

खरी अडचण मात्र शुल्काची नाही, तारखेची आहे. एकसष्टाव्या दिवशी काय?

फिटरकडे साठ दिवसांच्या आत ८०,००० येणार असतील, तर प्रश्न मिटला. दिवाळीचा बोनस, लागायची बाकी असलेली भिशी, मुदत संपणारी ठेव, विम्याचे पैसे, असं काही तरी नक्की हवं. ‘शटडाउन लागेल बहुतेक’ हे नक्की या सदरात येत नाही. त्याने साठ दिवसांत ३०,०००च भरले, तर उरलेल्या ५०,००० वर नव्या कार्डाचा नेहमीचा दर सुरू होतो. महिन्याला १,७५० व्याज, ३१५ कर. फिटर जिथे होता तिथेच परत येतो, फक्त बँक बदललेली असते.

परदेशातले नातेवाईक इथे गोंधळ वाढवतात. न्यू जर्सीतला भाचा सांगतो, ‘मामा, इथे मी दीड वर्ष शून्य टक्क्यांवर फेडलं, तूही घे.’ तो खोटं बोलत नाही. अमेरिकेत १५ ते २१ महिन्यांच्या बिनव्याजी बॅलन्स ट्रान्सफर ऑफर मिळतात, शुल्क ३ ते ५ टक्के. यूट्यूबवरचे बरेच सल्लेही त्याच धर्तीचे. भारतात शून्य व्याजाची मुदत मिळाली तरी ती सहसा दोन-तीन महिन्यांची असते. तिकडचा सल्ला इकडे लावला की पाय घसरतो.

हप्त्यांचा रस्ता

म्हणून भारतात बॅलन्स ट्रान्सफरचा जास्त वापरण्याजोगा प्रकार दुसराच आहे, तो म्हणजे थकबाकी नव्या बँकेकडे नेऊन तिचे मासिक हप्ते पाडणं. यात व्याज शून्य नसतं, पण कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा बरंच कमी असतं.

फिटरला महिन्याला सव्वा टक्का दराने बारा हप्ते मिळाले असं धरू. हप्ता बसतो ७,२२१ रुपयांचा. वर्षभरात व्याज साधारण ६,६५०, त्यावर जीएसटी १,२०० च्या आसपास आणि १ टक्का प्रक्रिया शुल्क करासह ९४४. एकूण खर्च सुमारे ८,८०० रुपये. हेच ७,२२१ रुपये तो दर महिन्याला जुन्या कार्डावर भरत राहिला असता, तर थकबाकी संपायला पंधरा महिने लागले असते आणि व्याज व करापोटी २९,००० रुपये गेले असते. वीस हजारांचा फरक आहे. साठ दिवसांच्या शून्यात वाचले होते ४,७००.

इथे एक शब्द पकडायचा, ‘फ्लॅट’. फोनवरचा माणूस म्हणतो, ‘सर, फक्त एक टक्का महिना.’ एक टक्का सव्वापेक्षा कमी, मग घ्या. पण तो फ्लॅट असेल तर बाराही महिने व्याज पूर्ण ८०,००० वरच मोजलं जातं, मुद्दल कमी होत असलं तरी. व्याज ९,६०० होतं आणि घटत्या शिलकीच्या हिशोबाने खरा दर महिन्याला जवळजवळ १.८ टक्के पडतो. म्हणून दर विचारून उपयोग नाही. हप्ता किती, किती महिने, शुल्क आणि कर धरून खिशातून एकूण किती जाणार, हे विचारायचं आणि लेखी घ्यायचं. इतर किरकोळ कर्जांना ऑक्टोबर २०२४ पासून सगळा खर्च एका पानावर दाखवणारं ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं सक्तीचं झालं, क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र त्यातून वगळलेली आहे. त्यामुळे हा हिशोब ग्राहकालाच मागावा लागतो.

मिळतं कुणाला?

ही सगळी आकडेमोड ऑफर मिळाली तर. आणि ती मिळतेच असं नाही.

थकबाकी त्याच बँकेच्या दुसऱ्या कार्डावर नेता येत नाही. शॉपिंग साइट किंवा पेट्रोल कंपनीच्या नावाचं कार्ड वेगळं वाटतं, पण त्यामागची बँक तीच निघते, असंही होतं. नवी बँक मंजूर केलेल्या मर्यादेच्या ठराविक हिश्श्यापर्यंतच रक्कम हलवू देते, बहुतेकदा पाऊण हिश्श्याच्या आसपास. ८०,००० हलवायचे तर मर्यादा लाखाच्या वर हवी. कंत्राटी पगारपत्रकावर ती कोण देणार? अनेक कार्डं ठराविक पिनकोडपुरतीच दिली जातात, पनवेलला मिळणारं कार्ड नागोठण्याला मिळेलच असं नाही. आणि दोन-तीन बिलं आधीच चुकलेली असतील तर सिबिल स्कोअर बघून अर्ज फेटाळला जातो. घाईघाईत चार बँकांकडे अर्ज केले तर त्या चौकशांचीही नोंद राहते आणि पाचवी बँक बिचकते.

थोडं कडवट आहे, पण ही सोय अडचणीत येऊ घातलेल्यांसाठी आहे. अडचणीत बुडालेल्यांपर्यंत ती क्वचितच पोहोचते. करायचं तर पहिलं बिल चुकण्याआधी करायचं.

गावातला ‘बॅलन्स ट्रान्सफर’

बँकेने नाही म्हटलं की दुसरा रस्ता सुरू होतो, आणि तो लहान गावांपासून शहरांपर्यंत सगळीकडे आहे. ओळखीच्या दुकानात जायचं. ‘दादा, पन्नास हजार घासून रोख देता का?’ दुकानदार मशीनवर खरेदी दाखवतो, दोन-तीन टक्के कापून रोख देतो आणि त्या रोखीने पहिल्या कार्डाचं बिल भरलं जातं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कार्डाचं बिल तिसऱ्यावर.

वरवर पाहता हाही बॅलन्स ट्रान्सफरच, आणि ४५-५० दिवस बिनव्याजी मिळाल्यासारखे वाटतात. पण दर फेरीला दोन-तीन टक्के जातात, मुद्दल एक रुपयाही घटत नाही आणि खोटी खरेदी दाखवणं हे कार्डाच्या अटींचं उल्लंघन आहे. बँकेला संशय आला तर कार्ड बंद होतं आणि साखळी मधेच तुटते. एटीएममधून कार्डावर रोख काढणं त्याहून महाग, कारण तिथे शुल्कही लागतं आणि व्याज पहिल्याच दिवसापासून.

या रस्त्याला माणसं का जातात, याचं कारण नुसतं व्याज नाही. गावात कळू नये म्हणून जातात. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर जामीनदार लागतो, म्हणजे कामावरच्या दोघांना सांगावं लागतं. सोनं गहाण ठेवायचं तर घरात सांगावं लागतं. कार्डाला कुणाला काही सांगावं लागत नाही.

पण हिशोब जामीनदाराच्या आणि सोन्याच्या बाजूने आहे. ८०,००० चं वैयक्तिक कर्ज वर्षाला १४ टक्क्यांनी मिळालं, तर २ टक्के प्रक्रिया शुल्क धरूनही वर्षाचा खर्च सुमारे ८,१०० येतो, कारण व्याजावर जीएसटी नाही. बॅलन्स ट्रान्सफरच्या हप्त्यांपेक्षा तो थोडा कमीच. बँकेचं सोनेतारण कर्ज बऱ्याचदा याहून स्वस्त असतं. कायम कामगार असेल तर पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचं कर्ज, ज्याचा हप्ता पगारातूनच कापला जातो. पेण-रोहा पट्ट्यात सहकारी संस्थेचं नाव काढलं की लोकांना पेण अर्बन बँक आठवते, जिच्यावर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. ती भीती समजण्यासारखी आहे. पण ती ठेव ठेवणाऱ्याची भीती आहे, कर्ज घेणाऱ्याचे पैसे तसे अडकत नाहीत.

ट्रान्सफर केलाच, तर

नवी बँक पैसे थेट जुन्या कार्डाच्या खात्यात भरते. याला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात जुन्या बिलाची तारीख येऊ शकते. ‘आता ते बघतील’ म्हणून ती चुकवली तर दंड लागतोच. किमान रक्कम भरून टाकायची, जास्तीची नंतर वळती होते.

दुसरी गंमत पुढच्या महिन्यात कळते. जुन्या कार्डाचं बिल शून्य येईल अशी अपेक्षा असते आणि येतात हजार-दीड हजार. कारण व्याज रोजच्या रोज मोजलं जातं. बिल ५ तारखेला निघालं आणि पैसे २० ला जमा झाले, तर मधल्या पंधरा दिवसांचं ८०,००० वरचं व्याज करासह सुमारे १,६३० रुपये होतं. ‘मी तर सगळं फेडलंय’ म्हणून ते कुणी भरत नाही आणि मग त्यावर विलंब शुल्क, सिबिलला नोंद. बऱ्याच भांडणांचं मूळ हेच शेपूट असतं.

नव्या कार्डावर खरेदी करायची की नाही, हे बँकेच्या अटी वाचूनच ठरवावं. काही योजनांत ट्रान्सफरची रक्कम शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

आणि जुनं कार्ड? तेच खरं संकट. त्याची ८०,००० ची मर्यादा आता मोकळी झालेली असते. गणपती तोंडावर असतात, मुंबईहून चाकरमानी येणार असतात, घराला रंग द्यायचा असतो. सहा महिन्यांनी हिशोब केला तर नव्या कार्डावर ५०,००० आणि जुन्यावर ७०,०००. एकाच्या दोन टोप्या होतात त्या अशा. कार्ड लगेच बंद करायचं नसेल, तर बँकेच्या अॅपमधून दुकानातले आणि ऑनलाइन व्यवहार बंद करता येतात, मर्यादाही खाली आणता येते. बंदच करायचं असेल आणि देणं शून्य असेल, तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते करावं लागतं, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद झाल्याची लेखी पोच जपून ठेवावी.

यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर जुन्याच बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून मागता येतात. मोठी घोषणा होत नाही म्हणून हे लोकांना माहीत नसतं. दर ट्रान्सफरइतका चांगला मिळेलच असं नाही, पण साडेतीन टक्क्यांपेक्षा कमी असतो आणि नवं कार्ड लागत नाही. ‘सेटलमेंट’ मात्र वेगळी. त्यात बँक काही रक्कम सोडते, पण सिबिलच्या नोंदीत ‘सेटल्ड’ असा शिक्का राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो.

बॅलन्स ट्रान्सफर करून देतो म्हणत कार्ड नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी मागणारा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजून ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शुल्क न सांगता लावलं, बंद करायला सांगूनही कार्ड चालू ठेवलं, अशी कुठलीही तक्रार आधी बँकेकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करता येतो.